उघड्या डोळ्यांची प्रार्थना

१० मार्च, रविवार दुपार

छोट्या,

'आदरणीय पाळकसाहेब' असं लिहिणार होते, पण हात वळेना. मला सख्खा भाऊ एकच आहे आणि त्याला मी चड्डीची नाडी बांधायला शिकवलं आहे, तेव्हा छोट्याच.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते असं तू मागच्या खेपेला म्हणालास. ओरडते, खरं आहे. जिचा जन्म शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसून 'ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक' करण्यात गेला, तिचा आवाज गोड कसा राहील? म्हणून लिहिते. फोन ठेवून देता येतो, पत्राचं तसं नसतं.

आज उपासनेत काय झालं ते तू व्यासपीठावरून पाहिलंस की नाही कोण जाणे. तू म्हणालास, "ज्यांना आत्म्याचा बाप्तिस्मा हवा आहे त्यांनी उभं राहा, हात वर करा, डोळे मिटा." कीबोर्ड सुरू झाला, माणसं रडायला लागली, हळूहळू सगळं सभागृह अन्य भाषांत, बोलणाऱ्यालाही न कळणाऱ्या शब्दांत, बोलायला लागलं. माझी लेक बडबडी माझ्या शेजारी उभी होती. डोळे उघडे. प्रार्थनेत तिचे डोळे नेहमी उघडेच असतात. रविवारच्या शाळेत तिनं त्यापायी किती धपाटे खाल्ले ते तुला माहीत आहे, त्यातले दोन तुझे होते. जिला जन्मापासून ऐकू येत नाही तिला 'डोळे मिट' म्हणणं म्हणजे आपल्याला 'आता बाहेर जाऊन बस' म्हणण्यासारखं आहे, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

तर तिचे हात बोलायला लागले. आणि छोट्या, ती तिची रोजची भाषा नव्हती. ती रांगत होती तेव्हापासून मी तिच्याशी हातांनी बोलते आहे. ती रागावली की कशी बोलते, झोपेत कशी बोलते, तोंडात घास असताना एका हातानं कशी बोलते, सगळं मला कळतं. तिच्या बाबांनी तिचं नाव 'बडबडी' ठेवलं ते उगाच नाही. पण आज मला एकही शब्द कळला नाही. हात सरळ जात होते, थांबत होते, पुन्हा वळत होते, त्याला चाल होती, वाक्यं होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरी आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होतीस? ती म्हणाली, "मला माहीत नाही. मी म्हणत नव्हते. माझ्याकडून म्हटलं जात होतं."

यालाच आपण अन्य भाषा म्हणतो ना? की मी इतकी वर्षं चुकीच्या मंडळीत बसले?

आणि तेवढ्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातल्या वायरमन वडिलांची बायको मागून आली आणि तिनं पोरीची दोन्ही मनगटं धरून खाली दाबली. "शांत हो बाळा, शांत हो." तिला वाटलं, झटका आला. आजूबाजूला दोनशे माणसं मोठ्यानं, न कळणारं बोलत होती, त्यांतल्या एकाचंही तोंड तिनं दाबलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. आणि ज्या दातांनी ती बाई दर रविवारी हालेलूया म्हणते ती कवळी बडबडीनं केलेली आहे, तिच्या कारखान्यात, याच हातांनी.

मुद्द्याचं बोलते. तूच म्हणाला होतास की गटप्रमुख व्हायचं तर आत्म्याचा बाप्तिस्मा पाहिजे, आणि त्याचं पहिलं चिन्ह म्हणजे अन्य भाषा. सभागृहाच्या भिंतीवर आपल्या विश्वासाची कलमं रंगवली आहेत, त्यांत पाचवं तेच आहे. बडबडीच्या कारखान्यातला पॉलिशवाला आणि त्या दोघी शिवणकामवाल्या बहिणी माझ्या हातांकडे बघत तुझे संदेश ऐकतात. तिघांनाही ऐकू येत नाही. तिघांनाही बाप्तिस्मा घ्यायचा आहे आणि तिघांनाही त्यांच्या भाषेत शास्त्र शिकवणारं माणूस हवं आहे. आज चिन्ह मिळालं. आता त्यांना शिकवायला बडबडीला गट दे.

तुझी ताई


२० मार्च

छोट्या,

तुझं उत्तर मिळालं. लेटरहेडवर, कबुतराच्या चित्राखाली, सेक्रेटरीकडून टाइप करून. बहिणीला पत्र लिहायला सेक्रेटरी लागतो म्हणजे तू फारच मोठा झालास.

तू लिहितोस की मूळ भाषेत तो शब्द 'जीभ' असा आहे, म्हणून चिन्ह जिभेवरच उमटलं पाहिजे. बरं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'भाषा' होतो हे तूच एका बुधवारी फळ्यावर लिहून दाखवलं होतंस, मी पहिल्या रांगेत बसून ते हातांनी सांगितलं होतं. आपल्या शास्त्रात 'अन्य भाषा' छापलं आहे, 'अन्य जिभा' नाही. आणि जिभेचंच कौतुक असेल तर आपल्याकडं म्हणतात ते आठव: जिभेला हाड नसतं. हाताला असतात, भरपूर असतात. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणारे तुझ्या मंडळीत कमी आहेत का? त्यांना तू भराभर गटप्रमुख केलंस.

मी रोज माझ्या ड्रायव्हिंग क्लासच्या ऑफिसात वाहतुकीच्या पाट्या शिकवते. 'थांबा'ची पाटी कधी ओरडत नाही. तरी शहाणी माणसं थांबतात, आणि जो थांबत नाही त्याला 'पाटीला तोंड नव्हतं' असं पोलिसाला सांगता येत नाही.

दुसरं तू लिहितोस: तिला मे महिन्यातल्या आरोग्यसभेला आण. प्रभू कान उघडील, मग जीभ आपोआप सुटेल.

छोट्या, आता नीट वाच. प्रभू बरं करतो यावर माझा विश्वास आहे. आईचा दमा तू डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस त्या दिवसापासून थांबला, हे मी माझ्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगते, त्यांनी विचारलं नसलं तरी. भिंतीवरची सगळी कलमं मी मानते. नवा जन्म मानते, पाण्याचा बाप्तिस्मा मानते, आत्म्याचा मानते, तो परत येणार हे मानते. मला कुणी मंडळीतून फुटलेली म्हणू नये. पण बडबडी आजारी नाही. हे मी तुला आणखी किती वेळा सांगू?

ती लहान असताना तू तो पाहुणा उपदेशक आणला होतास. त्यानं तिच्या कानात फुंकर घातली, "ऐक!" म्हणून गर्जना केली, मग तिच्यासमोर वाकून विचारलं, "ऐकू आलं?" तिनं त्याचे ओठ वाचले. अंगावर एवढा मोठा माणूस वाकलेला बघून लेकरानं भीत भीत मान हलवली. सभागृह छप्पर उडेल इतकं ओरडलं. दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं की तिला काहीही ऐकू येत नाही. तू म्हणालास, "ताई, विश्वासानं धरून ठेव. हातांनी बोलणं बंद कर, तो अविश्वास आहे." मी घरी आले, दार लावलं आणि तिच्याशी हातांनी पोटभर बोलले. ती बरी झाल्याची साक्ष मात्र तू अजून सांगतोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच ना? पण मूठ माझ्या लेकीची आहे, आणि ती तिला बोलायला लागते.

आरोग्यसभेला आम्ही येणार नाही. गटाचं काय ते सांग.

ताई


२ एप्रिल

छोट्या,

रविवारी वायरमन वडील माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, पुढं उभं राहून तुम्ही हातवारे करता त्यानं लोकांचं लक्ष विचलित होतं. आजपासून मागच्या रांगेत बसा." मी विचारलं, "हे पाळकांनी सांगितलं का?" ते म्हणाले, "पाळकांच्या कानावर आहे." म्हणजे तुझे कान अजून चालतात तर.

मागे बसले. पॉलिशवाला, दोघी बहिणी, बडबडी, सगळे माझ्याबरोबर मागे आले. तिथून तुझा चेहरा दिसत नाही, खांब आड येतो. मी खांबाशेजारी उभी राहून सांगत होते. तुझा संदेश 'परक्याला जागा द्या' यावर होता. तोही मी जसाच्या तसा सांगितला, पदरचं काही घातलं नाही. पॉलिशवाला मात्र पोट धरून हसत होता, त्याला मी काय करू?

उपासनेनंतर वायरमन वडिलांची बायको आली. बाई वाईट नाही. त्या दिवशी मनगटं धरली म्हणून तिला वाईट वाटलेलं दिसलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "एवढं ताणून कशाला धरता? पोरीला आवाज तर आहे ना? सात तारखेला वडीलमंडळ तिची पारख करणार आहे. तिला सांगा, माइकवर तोंडानं काहीही आवाज काढ. आम्ही नव्या मुलींना सांगतो तसं, हालेलूया भरभर म्हणायचं, म्हणता म्हणता सुटतं. कोण ओळखणार आहे? गट मिळेल, सगळ्यांचं समाधान."

म्हणजे आतून आलेलं खरं ते चालत नाही, आणि वरून लावलेलं खोटं चालतं. कवळी बरी, दात नको.

मी त्या बाईला जे बोलले ते लिहीत नाही, तू पाळक आहेस. पण बडबडीनं आमचं बोलणं ओठांवरून वाचलं होतं. घरी येईपर्यंत ती गप्प होती, हात मांडीवर ठेवून. ती गप्प असली की मला भीती वाटते. जेवताना म्हणाली, "आई, मी सात तारखेला व्यासपीठावर जाणार आहे."

मी विचारलं, "आवाज काढणार आहेस?"

ती म्हणाली, "त्या दोघी बहिणी रोज विचारतात, आमचा बाप्तिस्मा कधी. एक आवाज काढला तर होतो."

मी तिला कर किंवा करू नकोस, काही म्हटलं नाही. शेजारच्या सीटखाली माझा स्वतःचा ब्रेक असतो, तशी मला सवय आहे मध्येच गाडी थांबवायची. पण तिच्या तोंडाची गाडी तिनंच चालवायची आहे. तेव्हापासून मला धड झोप नाही. तुला हे कळावं म्हणून लिहिलं. तुझ्या पाचव्या कलमानं माझ्या पोरीला खोटं बोलायच्या दारात नेऊन उभं केलं आहे, आणि ती खोटं बोलली तर ते तुझ्याही माथी बसेल.

ताई


८ एप्रिल, सोमवार

छोट्या,

काल जे झालं ते मी लिहून ठेवते आहे, कारण तुझ्या मंडळीत त्याची दुसरीच गोष्ट होणार हे मला दिसतंय.

तू बडबडीला वर बोलावलंस. ती निळ्या सदऱ्यात, केस बांधून गेली. वायरमन वडिलांनी माइक तिच्या ओठांना लावला. तू म्हणालास, "मंडळी, आपण सगळे डोळे मिटू आणि आपल्या या बहिणीसाठी प्रार्थना करू. प्रभू, तिची जीभ मोकळी कर." सगळ्यांनी डोळे मिटले. आपलं सभागृह म्हणजे सोफ्यांचं ते जुनं शोरूम, आणि त्यात माना खाली घातलेली दोनशे माणसं.

तिनं माइक वडिलांच्या हातातून घेतला. तिनं तो कीबोर्डच्या स्टुलावर ठेवला, हळूच, आवाज होऊ नये म्हणून. ज्या पोरीला आवाज म्हणजे काय ते माहीत नाही ती तुमच्या प्रार्थनेत आवाज होऊ नये म्हणून जपत होती. मग तिनं हात वर केले.

मार्चमधल्या त्या रविवारी आलं होतं तेच आलं, पण मोठं. ती सगळ्या अंगानं बोलत होती. पॉलिशवाला बाकावरून उठला. दोघी बहिणींनी एकमेकींना धरलं. मला कळत नव्हतं, त्यांनाही कळत नव्हतं, आणि आम्ही चौघेही रडत होतो. मी या मंडळीत खूप काही पाहिलं आहे छोट्या, माणसं पडताना पाहिली, थरथरताना पाहिली, त्यांतलं काही खरं होतं आणि काही कसलेलं होतं. हे खरं होतं.

तिचे हात थांबले. सभागृहात सगळे अजून डोळे मिटून वाट बघत होते, कधी आवाज येतो म्हणून. वाट बघून बघून कुणीतरी खोकलं. मग वायरमन वडिलांनी डोळे उघडले, माइक शोधून काढला आणि सांगितलं, "आज आत्म्यानं मौन धरलं आहे. बहीण काही बोलू शकली नाही. तिच्यासाठी प्रार्थना करत राहा."

आणि मंडळी 'आमेन' म्हणाली.

एवढं मोठं उत्तर आलं, आणि तुम्ही सगळे डोळे मिटून कान टवकारून बसला होतात. मी ओरडले, "बोलली! डोळे उघडून बसा म्हणजे दिसेल!" माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, त्याची मला खात्री आहे. स्वयंसेवकांनी मला दाराबाहेर नेलं. त्यांतला एक माझ्याकडे गाडी शिकलेला, त्यानं निदान चपला आणून दिल्या.

आता तू सांग. मी वाट बघते.

ताई


१७ एप्रिल

छोट्या,

पुन्हा लेटरहेड, पुन्हा कबुतर. "बहीण काहीही बोलली नाही याला सर्व सभा साक्षीदार आहे. सबब गटाची परवानगी देता येत नाही. तुमच्या वर्तनाबद्दल वडीलमंडळ दुःखी आहे."

सर्व सभा साक्षीदार! डोळे मिटलेल्यांची साक्ष कोणत्या कोर्टात चालते ते मला कळव, माझे पुष्कळ विद्यार्थी तिथं तिचा उपयोग करतील.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तू आपण होऊन सांगशील म्हणून थांबले होते. तू सांगितली नाहीस, म्हणून आता मी सांगते.

तुझे डोळे उघडे होते.

मी खांबाला वळसा घालून पुढं आले होते, मला स्वच्छ दिसलं. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून तू मात्र बघत होतास. सुरुवातीला चोरून, मग उघड. तिचे हात जसे वळत होते तशी तुझी मान वळत होती. तुझी प्रार्थना मध्येच तुटली, शब्द अर्धा राहिला. तू लहानपणी रडू दाबताना खालचा ओठ दातांत धरायचास, तसा धरला होतास. माझा धंदाच शेजारच्याचे डोळे कुठं आहेत ते बघण्याचा आहे, मला फसवू नकोस.

तू पाहिलंस. ते काय होतं ते तुला कळलं. आणि वायरमन वडील 'मौन' म्हणाले तेव्हा तू मान खाली घालून 'आमेन' म्हणालास. वायरमन वडिलांवर माझा राग नाही, त्यांनी खरोखर काही पाहिलं नाही. तू पाहून डोळ्यांवर कातडं ओढलंस.

का, ते मला कळतं. एकदा हातांची भाषा मानली की भिंतीवरचं कलम पुन्हा रंगवावं लागेल, आणि मग तो पाहुणा, ती फुंकर, ती साक्ष, तेही उघडं पडेल. तू काही खोटारडा नाहीस. तू भित्रा आहेस. लहानपणी अंधारात माझा हात धरायचास, त्याला मी कधी हसले नाही. याला हसणार नाही, पण माफही करणार नाही, निदान तू व्यासपीठावर उभा राहून 'मी पाहिलं' म्हणेपर्यंत.

आम्हाला परवानगी नको. गेल्या रविवारपासून गट सुरू झाला आहे. माझ्या ऑफिसात, क्लास संपल्यावर, वाहतुकीच्या पाट्यांखाली. बडबडी शिकवते. नवा जन्म तिनं असा समजावून सांगितला की मला वाटलं, मीच इतकी वर्षं नीट ऐकला नव्हता. आता सहाजण येतात. प्रार्थनेत सगळे गोल बसतात आणि एकमेकांकडे बघतात. कुणी जांभई दिली तर लगेच सापडतो, एवढाच तोटा.

मंडळी मी सोडलेली नाही. मागच्या रांगेतली माझी जागा कुणाला देऊ नकोस.

ताई


२६ एप्रिल

छोट्या,

काल वायरमन वडिलांच्या बायकोनं तुझी चिठ्ठी आणून दिली. कबुतर नाही, टाइप नाही, तुझं तेच गिचमिड अक्षर. एकच ओळ: "ताई, ती काय म्हणत होती?"

खरं सांगायचं तर आधी आनंद झाला आणि मग संताप आला. दर रविवारी तुझ्या मंडळीत दोनशे माणसं अन्य भाषांत बोलतात. त्यांतल्या एकालाही तू कधी 'काय म्हणालास' असं विचारलं नाहीस. कळलं नाही तरी ते देवाचं, असंच तू शिकवलंस. मग हिलाच अर्थ का मागतोस?

मला अर्थ माहीत नाही. तिलाही नाही. तुला काहीतरी कळल्यासारखं वाटलं असेल तर ते तुला सांगितलेलं असेल, आणि ते तुझं तुला ठाऊक. मी त्याची दुभाषी होणार नाही.

तुझी चिठ्ठी मी बडबडीला दाखवली. ती म्हणाली, "मामाला रविवारी बोलाव." मी म्हटलं, "तू बोलाव, मी बोलावणार नाही." ती म्हणाली, "लिहिता तुला येतं, भांडताही तुलाच येतं, तूच लिही." म्हणून लिहिते.

या रविवारी सकाळी तलावावर तिघांचा बाप्तिस्मा आहे. पाळक नाही, वडील नाहीत, तुझ्या मंडळाची मंजुरी नाही. एक अडचण आम्हाला आधी सुचलीच नव्हती, बुधवारी कोरड्यावर सराव करताना लक्षात आली. माणसाला पाण्यात घालायला दोन्ही हात लागतात, आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणायलाही बडबडीला दोन्ही हात लागतात. दोन्ही एकदम होत नाही. तेव्हा ठरलं असं की ती समोर उभी राहून शब्द बोलेल आणि मी धरून बुडवीन. दोघी बहिणी शिडशिडीत आहेत, त्या मला जड नाहीत. पण पॉलिशवाला चांगला आडदांड आहे, पाण्यात घातला तर मला एकटीला तो वर काढता यायचा नाही. त्याला दुसऱ्या बाजूनं धरायला एक माणूस पाहिजे.

जुने कपडे घालून ये. धरणाऱ्याला अन्य भाषा आलीच पाहिजे अशी आमची अट नाही.

ताई